पपईला दूध लावल्यावर

नाना, आज रविवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत. माय झोपली आहे आणि कूलरच्या घरघरीत तिचा श्वास ऐकू येत नाही म्हणून मी दर पाच-सात मिनिटांनी उठून तिच्या खाटेपर्यंत जाऊन येतो. बारा पावलं आहेत. स्वयंपाकघरातल्या या टेबलापासून पुढच्या खोलीतल्या खाटेपर्यंत मी मोजली आहेत. भूमी अभिलेखमध्ये उभी नोकरी काढलेला माणूस दुसरं काय मोजणार? तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही फार लिहिलं होतं अशातला भाग नाही. परभणीला कॉलेजात होतो तेव्हाची चार-दोन पोस्टकार्डं, आणि तीसुद्धा तूप पाठवा, गोधडी पाठवा एवढ्यापुरती. आज लिहायला बसलोय, कारण या आठवड्यात घरात जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही. सांगतो सगळं, पण घाई करू नका. फार थकलोय मी.

होळीच्या आधी मायला झटका आला. मोठा नव्हता. उजवा हात महिन्याभरात परत आला, बोलणंही बऱ्यापैकी आलं, जरा जड येतं एवढंच. पण गिळणं काही परत आलं नाही. भाकरी दुधात कितीही कुस्करली तरी ठसका लागतो, आणि साध्या पाण्याने तर जास्तच लागतो. तुमची सून घरी होती तोवर मला याची झळ लागली नाही. ती तासतासभर खाटेशी बसून मायला खीर भरवायची, पेज पाजायची. मी ऑफिसातून यायचो तेव्हा मायचं तोंड पुसलेलं, केस विंचरलेले असायचे. मग पुण्याला लेकीचं बाळंतपण आलं. तुमची सून जायला तयार नव्हती, मीच म्हणालो, जा, माझी माय आहे, मी बघतो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो. हा तोरा पहिले चार दिवस टिकला. माझ्या हातची खीर एक दिवस पाणी आणि दुसऱ्या दिवशी गोळा. दुपारी भरवायला समोरच्या काकू येतात, त्यांनाही त्यांचं घर आहे, त्या घाई करतात. दोन आठवड्यांत मायच्या गालाची हाडं दिसायला लागली.

गेल्या सोमवारी तिला परभणीला नेलं. डॉक्टर तरुण आहेत, स्वभावाने चांगले आहेत. त्यांनी सांगितलं, पातळ नको, घट्ट नको, दाटसर काहीतरी द्या, घोट-घोट, दिवसातून चार वेळा. आणि उठता उठता म्हणाले, पुढच्या सोमवारी परत आणा, तोवर पोटात नीट गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. हे ते तिच्यासमोर म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही असं सगळे का धरून चालतात कोण जाणे. बाहेर ऑटोत बसल्यावर तिने माझं मनगट धरलं, त्याच उजव्या हाताने, आणि म्हणाली, "नळी नगं रे. तुझ्या नानाला घातली व्हती. मी बघितलंय समदं." तुमच्या शेवटच्या अकरा दिवसांत तुमच्या उशाशी ती होती, मी येऊन-जाऊन होतो. ज्याने जन्मभर चाखल्याशिवाय कुणाला घोटभर पाजलं नाही, त्या माणसाच्या जिभेला शेवटी कामच उरलं नाही, सगळं परस्पर पोटात. ते तिने पाहिलेलं आहे. मी तिला म्हणालो, न्हाई घालू देत, तू फक्त पी.

संध्याकाळी लेकीशी फोनवर बोललो. ती स्वतः दिवस भरत आलेली, पण आजीसाठी जीव टाकते. म्हणाली, बाबा, तुम्ही आजीला स्मूदी करून द्या. मी म्हटलं, ते काय असतं? तर म्हणाली, सगळी फळं एकत्र फिरवायची, दाट होतं, पोट भरतं. पाठोपाठ मोबाईलवर यादी आली. पपई, केळी, आंबा, अननस, नारळाचं दूध, आणि वरून कसलंसं बी. मी चष्मा लावून ती यादी दोनदा वाचली आणि मला हसूच आलं. नाना, हे तर तुमचं मिक्स! देवगाव फाट्यावरच्या पत्र्याच्या टपरीत तुम्ही आयुष्यभर जे फिरवत राहिलात तेच पुण्याला जाऊन स्मूदी झालंय. त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. वाटलं, हे तर आपल्या घरचंच काम आहे, हे जमेल.

मंगळवारी सकाळी बसस्टँडजवळच्या गाड्यावरून पपई आणली, चांगली पिवळीधमक, देठाशी बोट दाबून पाहिली, तुम्ही पाहायचात तशी. केळी आणली, दोन केशर आणले. अननस मिळाला नाही, गाडेवाला म्हणाला, "साहेब, त्येला परभणीलाच जावं लागतंय." नारळाचं दूध डब्यात मिळतं म्हणे, पण इथे मानवतच्या तीन दुकानांत विचारलं, तिन्ही दुकानदारांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग आपलं पिशवीचं दूध घेतलं. बी घातलं नाही, ठसक्याची भीती. तुमचा फाट्यावरचा मिक्सर मी अजून टाकलेला नाही, पण तो चालत नाही. घरातलाच वापरला. पपई, केळं, आंबा, दूध, साखर, चिमूटभर वेलची. रंग काय सुरेख आला होता, नाना. चार ग्लास भरले, झाकण्या घातल्या, फ्रिजमध्ये ओळीने ठेवले, काकूंना सांगितलं, एक आत्ता मी पाजतो, एक अकराला द्या, एक दोनला द्या, एक मी आल्यावर बघतो. आणि त्या पहिल्याचेही घड्याळ बघत बघत तीन घोट पाजून मी ऑफिसात गेलो. उन्हाळा म्हणजे आमचा मोजणीचा हंगाम, रानं मोकळी असतात, रोज दहा लोक बांधाचा तंटा घेऊन दारात. चाखून पाहिलं नाही. मला आठ वर्षं झाली शुगर आहे, गोड मी तोंडात घेत नाही.

तुम्ही कसे चाखायचात ते मला आज सकाळपासून डोळ्यांसमोर दिसतंय. गाडी फाट्यावर थांबते, कंडक्टर ओरडतो, "धा मिन्टं!" आणि लोक भराभर उतरतात. पलीकडच्या टपरीवाल्याने लस्सीचा ड्रम आधीच भरून ठेवलेला असतो, तो खिडक्यांतून ग्लास वर देत सुटतो. तुम्ही मात्र गिऱ्हाईक समोर आल्यावर फळ कापायला घेता. पोत्यात, भुशात ठेवलेला बर्फ फोडता, मिक्सर फिरवता, ग्लास भरता, आणि भांड्याच्या तळाला राहिलेले दोन घोट स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात ओतून पिता. प्रत्येक भांड्याचे दोन घोट. मग ते गिऱ्हाईक पीत असताना त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहता, ग्लास रिकामा होऊन हातात येईपर्यंत. मला त्या बघण्याची लाज वाटायची. वाटायचं, माणूस काय म्हणेल, ग्लास पळवून नेईल म्हणून बघतायत की काय. लाईट गेली की तुम्ही मिक्सर बाजूला सारून लाकडी रवी काढायचात आणि पपई-केळं डब्यात घुसळायचात. एकदा सेलूच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला होता, "नाना, गिऱ्हाइकापरीस तुमीच जास्त प्यायलाव की!" आणि तुम्ही पेला खाली न ठेवता म्हणालात, "मंग? मी काय पाजायलोय ते मला कळाय नगं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

मंगळवारी अकराला काकूंचा फोन. "भाऊ, आजी तोंड फिरवायल्यात." मी म्हटलं, जरा थांबून द्या. दोनला परत फोन, तेच. संध्याकाळी मी ग्लास घेऊन गेलो तर मायने एक घोट घेतला आणि टॉवेलात सोडून दिला. म्हणाली, "कडू लागायलंय रे." मी म्हटलं, माय, आंबा हाय त्याच्यात, साखर हाय, कडू कसं लागंल? गोळ्यांनी तोंडाची चव जाते, डॉक्टरांनीच सांगितलंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरं आहे, त्यामुळे मला पुढचा विचार करायची गरज वाटली नाही. बुधवारी साखर वाढवली, आंबा आणखी एक घातला, केळं जास्त घातलं. बुधवारीही तेच. सकाळी मी पाजलेला घोटभर जायचा, अकराचा परत, दोनचा परत. हेसुद्धा माझ्या लक्षात यायला हवं होतं की सकाळचा तेवढा जातोय. जमिनीच्या नकाशात वीतभर फरक असला तर मला दिसतो. हे दिसलं नाही. मी एवढंच म्हणायचो की ती सकाळी माझ्या भीतीने पिते आणि काकूंसमोर नखरे करते. नखरे हा शब्द मी काकूंसमोर वापरला, नाना. माझ्या ऐंशी पार केलेल्या मायबद्दल.

गुरुवारी दुपारी दोन वाजता मी कपाटाच्या किल्ल्या विसरलो म्हणून घरी आलो. डोकं उन्हाने तापलेलं, ऑफिसात दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले, त्यांना सोडवून आलेलो. दारातच काकू म्हणाल्या, "आज तर वठच उघडंनात." मी चपला न काढता आत गेलो. माय खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि स्टुलावर भरलेला ग्लास. मी तिला उठवून बसवलं, जरा जोरातच बसवलं, आणि ओरडलो. म्हणालो, "पपई गोड हाय, आंबा गोड हाय, साखर घातली वाटीभर. कडू काय हाय त्याच्यात? तुझं तोंडच कडू झालंय. प्यायचं नसंल तर न पी. सोमवारी नळी घालून आणतो, मंग तुलाही बरं अन मलाही बरं." काकू दारातून निघून गेल्या. मायने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ग्लास घेतला, डोळे मिटले आणि प्यायला लागली. ठसका लागला, थांबली, पुन्हा प्यायली. अंगावर सांडलं, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलं, ते तिने पुसलंही नाही. मी समोर उभा, तुमच्यासारखा, ग्लास रिकामा होईपर्यंत. शेवटचा घोट घेऊन तिने ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "झालं बग. आता नळी नगं." आणि मला त्या क्षणाला काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं. बघा, मनात आणलं की जातं की नाही, असं वाटलं.

ग्लास धुवायला मोरीवर आलो तर तळाशी राहिलेलं बोटावर आलं. शुगर आहे म्हणून आठ वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, बोट चाटलं. जहर कडू होतं, नाना. कडुलिंब परवडला. फ्रिजमधून शेवटचा ग्लास काढला, त्याची झाकणी उघडली, खाली दह्यासारखं बसलेलं आणि वर पाणी सुटलेलं. चमचाभर घेतलं, तेही तसंच. मी मोरीच्या कडेला बसलो. तीन दिवस मी तिला हे पाजत होतो. आणि आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, तिने नळीच्या भीतीने ते सगळंच्या सगळं पोटात घातलं होतं.

त्या मोरीच्या कडेवर मला फाटा आठवला. तो दिवस मी मनात इतका आडबाजूला टाकून दिला होता की त्याच्यासोबत पपईही टाकली गेली. तुमची टपरी बंद झाल्यावर आपल्या घरात कुणी पपईला दूध लावलं नाही आणि मी तर पपई नुसतीही खाल्ली नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, परीक्षा देऊन सुट्टीला आलो होतो, शहाणपणा उतू चालला होता. लग्नसराईचे दिवस. बर्फ संपत आला म्हणून तुम्ही सेलूला गेलात आणि टपरी माझ्यावर सोडलीत. मी विचार केला, नाना जुन्या वळणाचे, गाडी आल्यावर कापत बसतात आणि गिऱ्हाईक पलीकडे जातं. मी चार पपया कापल्या, दुधात फिरवल्या, साखर, उरलेला बर्फ, बादलीभर मिक्स तयार करून ठेवलं, वर ओला फडका टाकला. गाडी दीड तास उशिरा आली. आली तशी मी ग्लास भरून खिडक्यांतून वर देत सुटलो, पंधरा-सोळा ग्लास हां हां म्हणता गेले. उकाड्याने जीव निघालेले लोक, त्यांना गार पाहिजे होतं, कुणी काही बोललं नाही. एका खिडकीत चारठाण्याला निघालेली एक म्हातारी होती, डोक्यावरून पदर, कपाळाला पट्टी बांधलेली. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय रे बाबा." मी खालून मोठ्यांदा म्हणालो, "आजी, तुमचं तोंड कडू आसंल! पपई एक नंबर गोड हाय." आजूबाजूच्या खिडक्यांतले लोक हसले. ती ओशाळली. अर्धा ग्लास तसाच खाली दिला आणि पदराने तोंड पुसत आत सरकली.

त्याच गाडीने तुम्ही आला होतात. बर्फाचं पोतं खांद्यावर, पाठ भिजलेली. तुम्ही सगळं ऐकलं होतं. पोतं खाली ठेवलंत, बादलीवरचा फडका काढलात, पेल्यात दोन घोट घेतलेत आणि बादली उचलून मागच्या लिंबाच्या बुडाशी रिकामी केलीत. मला वाटलं आता चारचौघांत माझी इज्जत काढणार. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. म्हणालात, "पपईला दूध लावलं की घटकाभरात कडू व्हतं. ते तुला ठावं नव्हतं, जाऊ दे, मीच सांगितलं न्हाई. पर तू चाखलंस का? न्हाई ना? मंग तिच्या तोंडाला नाव कामून ठिवलंस?" तुम्ही नवी पपई घेतलीत, नवा बर्फ फोडलात, एक ग्लास केलात, चाखलात, आणि माझ्या हातात दिलात. "जा. गाडी हलायच्या आत दे. अन सांग तिला, आजी, चूक आमची व्हती, तुमचं तोंड ठीक हाय म्हणून." ड्रायव्हरने गाडी चालू केली होती, तुम्ही पत्र्यावर थाप मारून थांबवलीत. मी खिडकीखाली जाऊन ग्लास वर केला. ती बिचारी नको नको म्हणत होती, मग घेतला, प्यायली, सगळा प्यायली. म्हणाली, "आता गोड हाय. मला वाटलं, माजंच तोंड बिघडलं जणू. तापातून उठलेय ना." मी ग्लास घेऊन परत आलो. तुम्ही विचारलंत, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." तुम्ही मान हलवलीत आणि मिक्सर पुसायला लागलात.

शुक्रवारी सकाळी साहेबांना फोन करून रजा मागितली. मला वाटत होतं हंगामाच्या दिवसांत ते कुरकुर करतील. ते म्हणाले, अहो घ्या की, मी कधीचा म्हणतोय तुम्हाला, घरी म्हातारं माणूस आहे. म्हणजे रजा मिळत होती. ती मी घेतली नव्हती. खरं सांगू का नाना, चार ग्लास सकाळीच करून ठेवायचे ही काही माझी हुशारी नव्हती. मला तिच्याजवळ बसायचं नव्हतं. एका ग्लासाला अर्धा तास लागतो. घोट घ्यायचा, थांबायचं, हनुवटी पुसायची, पुन्हा घोट. तिच्या ओठाचा तो उजवा कोपरा खाली ओघळलेला आहे, तिथून सांडतं, आणि ते मला बघवत नाही. बांधावर भांडणाऱ्या लोकांत मी दिवसभर बसू शकतो, तिथे मला विसावा वाटतो. आपल्या मायच्या समोर अर्धा तास बसवत नाही. काम आहे, काम आहे म्हणत मी फ्रिजवर सोपवून पळत होतो. तुमची सून दीड महिना हे करत होती, एकदाही चेहऱ्यावर आणलं नाही तिने.

शुक्रवारी दहा वाजता लाईट गेली. पपई चिरलेली, केळं सोललेलं, मिक्सर बंद. तुमची रवी मिक्सरमागच्या खिळ्याला अजून टांगलेली असते. ती धुतली, पातेलं घेतलं आणि मायच्या खाटेशी स्टूल ओढून बसलो. कूलर बंद, घर एकदम गप्प झालेलं. मी पपई-केळं ठेचून घुसळायला लागलो, हात लगेच भरून आला, तुमचे कसे चालायचे कोण जाणे. माय आवाज ऐकून इकडे वळली. बराच वेळ रवीकडे बघत राहिली. म्हणाली, "तुझा नाना असंच घुसळायचा, लाईट गेल्यावर." दूध सगळ्यात शेवटी घातलं, दोन वेळा घुसळलं, शुगर बाजूला ठेवून दोन घोट स्वतः घेतले आणि मग तिच्या ओठाला ग्लास लावला. मिक्सरपेक्षा जरा भरड, दाट झालं होतं, तेच तिला बरं गेलं. ठसका एकदाच लागला. चाळीस मिनिटं लागली. मी हनुवटी पुसत होतो. मला वाटत होतं तेवढं ते अवघड नव्हतं, आणि सोपंही नव्हतं.

ग्लास संपल्यावर ती म्हणाली, "आज गोड हाय." मी ग्लास स्टुलाखाली ठेवला. मग तिने तो उजवा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "माजीच जीब बिघडली व्हती रे. तीन दिस उगं तरास दिला तुला. तू एवढं कामावरून यायलास, अन मी आपली नखरे करायले." नखरे. म्हणजे काकूंसमोर मी जे बोललो होतो तेही तिने ऐकलेलं होतं. मी म्हटलं, "असू दे, माय." एवढंच म्हणालो. असू दे. जसं काही मी तिला माफ करत होतो.

तेव्हापासून ती चारी वेळा पिते. काल पाच वेळा प्यायली. गालावर जरा तेज दिसतंय, निदान मला तरी दिसतंय. पण ती हे सगळ्यांना सांगत सुटली आहे. काकूंना सांगितलं, लेकरानं लय केलं माझं, माझीच जीब खोटी. काल संध्याकाळी फोनवर नातीला सांगितलं आणि नात तिकडून रडली. बोलणं जड येतं तरी एवढं वाक्य ती पुरं करते. मी बाजूला उभा असतो, पपई सोलत असतो, आणि ऐकून घेतो. उद्या सोमवार आहे. उद्या डॉक्टर विचारतील, मागच्या आठवड्यात का जात नव्हतं, आणि ती त्यांनाही तेच सांगेल, माझ्याकडे बघत, कौतुकाने.

हे कागद कुठे टाकणार, तुमचा तर पत्ता नाही. तुमच्या जुन्या मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण लावून ठेवीन, तुमच्या सुनेला इतक्यात तरी सापडायचे नाहीत. माय जागी झाली वाटतं, खाट करकरली. पपई चिरून ठेवली आहे, दूध तिच्यासमोरच लावतो. आणि नाना, फाट्यावर त्या दिवशी मी त्या म्हातारीला काही सांगितलं नव्हतं. खिडकीखाली उभा राहिलो, ती म्हणाली माजंच तोंड बिघडलं जणू, गाडीतले लोक बघत होते, मी रिकामा ग्लास घेतला आणि परत आलो. तुम्हाला 'सांगितलं' म्हणालो ते खोटं होतं. मायलाही मी अजून सांगितलेलं नाही.